धान्य भरपूर, पोहरा नाही: निसर्ग वादळातल्या एका घराच्या तयारीचा अभ्यास

२ जून २०२० च्या संध्याकाळी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या काकांच्या घरात चार महिन्यांचं धान्य होतं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी नुकतीच पुरी झाली होती. माजघरात दोन पिंपं आणि चार गोण्या तांदूळ. डब्यांत तूरडाळ, कडवे वाल, कुळीथ. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर सोडे, सुकट, बोंबील, पापड, आमसुलं, वर्षाचा मसाला, मीठ. मागच्या पडवीत छपरापर्यंत रचलेला लाकूडफाटा. मुंबईहून मुलगा, सून आणि दोन नातवंडं टाळेबंदीच्या तोंडावर येऊन राहिली होती, म्हणून काकूने त्या वर्षी सगळंच वाढवून भरलं होतं. आजी धरून घरात सात माणसं.

कुणीही बघून म्हटलं असतं की या घराला पावसाळ्याची काळजी नाही. ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि त्यानंतर मात्र याच घराला कोरडी जागा, पाणी आणि बाहेर निरोप या तीन गोष्टींसाठी दोन आठवडे झगडावं लागलं. तांदूळ शेवटपर्यंत पुरून उरला. असं का झालं हे मी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना विचारून, वस्तू प्रत्यक्ष बघून टिपून ठेवलं. शहरातल्या घरांसाठी आपत्तीच्या सामानाच्या छापील याद्या खूप मिळतात. कौलारू घर, परसातली विहीर आणि भोवती नारळ-सुपारीची वाडी असलेल्या माणसाला त्या अर्ध्याच उपयोगी पडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

इशारा मिळाल्यावरचे चोवीस तास

इशारा मिळाला नव्हता असं नाही. हवामान खात्याने हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा आधीच सांगितला होता. कोळ्यांनी होड्या वर ओढल्या, ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरली, कच्च्या घरांतली माणसं शाळेत नेली. कोरोनामुळे शाळेत जायला लोक कचरत होते, तरी गेले.

काकांच्या घरी त्या वेळात तीन कामं झाली. काकूने पंप लावून न्हाणीघराच्या स्लॅबवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली. मुलाने सगळे मोबाईल चार्ज केले. काकांनी अंगणातली शिडी, बाकडं, कुंड्या, पत्र्याचे तुकडे असं उडू शकणारं सगळं आत घेतलं. तीनही कामं योग्य होती आणि तिन्हींचा पुढे उपयोग झाला.

जे राहिलं ते त्या चोवीस तासांत करता येण्यासारखंच नव्हतं. छपरावर टाकायला धड ताडपत्री नव्हती आणि टाळेबंदीत दुकानं अर्धीच उघडी. पडवीच्या पत्र्यांना हूक कमी होते, ते वाढवायला माणूस नव्हता. विहिरीवरची कप्पी पंप आल्यावर काढून ठेवलेली, ती कुठे ठेवली ते कुणालाच आठवेना. घरच्या तयारीचे मला इथे दोन भाग दिसतात. पाणी भरणं, चार्जिंग करणं, बँकेतून पैसे काढणं, वस्तू आत घेणं ही इशारा मिळाल्यावरची कामं. ताडपत्री, दोर, हूक, कप्पी, करवत ही आधीपासून घरात असायची चीजवस्तू. इशारा कितीही वेळेवर आला तरी दुसऱ्या भागाची भरपाई त्यातून होत नाही, आणि आपण बहुतेक जण पहिल्याच भागाला तयारी समजतो.

छप्पर

दुपारी वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला लागलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. पहिली गेली ती मागची पडवी. पत्रे एकेक सुटले नाहीत, खालच्या वाशांसकट सगळं छप्पर उचललं गेलं. वारा पत्र्याला वरून दाबतो असं आपल्याला वाटतं. खरं तर उतरत्या छपरावरून जोराचा वारा जातो तेव्हा वर ओढ तयार होते, आणि पडवीसारख्या एका बाजूने उघड्या जागेत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. ही ओढ कडेला आणि आढ्यापाशी सगळ्यात जास्त असते. हूक तिथेच दाट हवेत. काकांच्या पडवीत पत्र्याच्या दोन टोकांना एकेक आणि मध्ये एखादा असा हिशेब होता. रोजच्या पावसाला तो पुरत होता.

मग कौलं. मंगलोरी कौल रिपांवर नुसत्या वजनाने आणि खालच्या खाचेने बसतं, त्याला बांधलेलं काही नसतं. आढ्यावरचे कोने निसटले आणि मग ओळीच्या ओळी सुटत गेल्या. त्यात परसातला एक माड स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर आडवा झाला. माणसं तेव्हा माजघरात होती. कौलं पडायला लागल्यावर आजीला दोघांनी उचलून शेजारच्या स्लॅबच्या घरी नेलं. भर वाऱ्यात केलेली ही पंचवीस-तीस पावलं घरातल्या सगळ्यांना अजून नीट आठवतात. जायचंच होतं तर सकाळी जायला हवं होतं, असं काका स्वतःच म्हणतात.

आता साठ्याचं काय झालं बघा. झाकणाच्या पिंपांतला तांदूळ कोरडा राहिला, गोण्यांतला भिजला. माळ्यावरचं सगळं, म्हणजे कोकणातल्या घरात सर्वांत कोरडी मानलेल्या जागेवरचं सगळं, थेट पावसात आलं. सुकी मासळी दोन दिवसांत टाकून द्यावी लागली. मसाल्याची बरणी घट्ट होती म्हणून वाचली, पापड गेले. पडवीतला लाकूडफाटा चिंब झाला, त्यामुळे चूल असून नसल्यासारखी आणि सगळा भार गॅसवर. एकाच घरातल्या एकाच दिवशी भरलेल्या बेगमीचा निम्मा भाग टिकला तो फक्त भांड्यामुळे. म्हणून साठा किती आहे यापेक्षा तो कशात आणि कशाखाली आहे हे मी आधी विचारतो.

घरातली एकुलती ताडपत्री जुनी होती, लाकडांवर घालायची. तिच्या कडांच्या कड्या निघालेल्या आणि घडीवर चिरा पडलेल्या. ४ तारखेला सकाळी पावसाने उसंत घेतल्यावर ती माजघरावर टाकली आणि काथ्याच्या सुंभाने बांधली. रात्री पुन्हा वारा सुटला आणि ती फाटली. पुढे गावातल्या गवंड्याने जे दाखवलं ते इथे लिहून ठेवतो. ताडपत्री आढ्याच्या दोन्ही बाजूंना खाली येईल एवढी मोठी हवी. एका उतारावर आढ्यापर्यंतच टाकली तर वरच्या कडेतून पाणी आणि वारा दोन्ही आत शिरतात. कड्यांना दोर बांधून तो वाशांना आवळला तर सगळा ताण एकेका कडीवर येतो. त्यापेक्षा ताडपत्रीची कड एका लांब बांबूला किंवा रिपेला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळायची, दोर त्या बांबूला बांधायचा आणि खाली वाळू भरलेल्या गोण्या लटकवायच्या. वाऱ्याच्या झोताने ताडपत्री थोडी उचलली तरी वजनाने परत बसते, फाटत नाही. आणि वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर पाय ठरत नाही. मुलगा चढला तेव्हा दोराचं दुसरं टोक पलीकडच्या बाजूला खांबाला बांधलं होतं. साठीच्या काकांना सगळ्यांनी मिळून खाली थांबवलं, आणि ते फार बरं झालं.

पत्रे, कौलं, हूक, खिळे यांचा तुटवडा पुढच्या आठवड्यात सगळ्या किनाऱ्यावर होता. पैसे हातात असूनही माल नाही, माल मिळाला तर बसवणारा नाही. ज्या घरांत जुनी शे-दीडशे कौलं परसात रचून ठेवली होती ती घरं आठवड्याभरात झाकली गेली. काकांनी त्यांची जुनी कौलं मागच्या वर्षी अडगळ म्हणून देऊन टाकली होती.

पाणी

या प्रकरणाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग मला हा वाटतो. विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर. जूनच्या सुरुवातीला पाणी खोल गेलेलं, तरी दोन मीटर उभं होतं. म्हणजे पाण्याचा तुटवडा नव्हता, ते वर काढता येत नव्हतं.

एक अश्वशक्तीचा पंप चालायला साधारण एक किलोवॅट वीज लागते आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या काही पट. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, तो हा झटका घेत नाही. शेजारच्यांचा छोटा जनरेटरही त्या पंपाला बंद पडायचा. वीज यायला वाडीत काही आठवडे लागले. कप्पी सापडली नाही. पोहरा होता, पण तळ गेलेला. नायलॉनचा दोर होता, तो विहिरीच्या काठावरून पाण्यापर्यंत पोचला असता पण ओढायला हाताशी उरत नव्हता. पहिले काही दिवस मुलगा आणि सून काठावर वाकून, हाताने दोर ओढत, प्लास्टिकच्या बादलीने पाणी काढत होते. प्लास्टिकची हलकी बादली पाण्यावर तरंगत राहते, चटकन बुडत नाही. तिच्या कडेला दगड बांधावा लागला. दोघांच्याही तळहातांची सालं निघाली. पाचव्या दिवशी वाडीतल्या एका म्हातारबाबांनी त्यांच्या गोठ्यातली लोखंडी कप्पी आणून दिली, आडवा वासा टाकून ती बसवली, आणि मग नातवंडंही पाणी ओढू लागली. ही कप्पी बाजारात अगदी थोड्या पैशांत मिळते.

टाकीतल्या हजार लिटरचं काय झालं? ते तिसऱ्या दिवशी संपलं. हिशेब सोपा आहे. गावात दरडोई रोजचे ५५ लिटर धरले तर सात माणसांना ३८५ लिटर, म्हणजे अडीच दिवस. हेच पाणी माणशी २० लिटरने वापरलं असतं तर आठवडा गेला असता. पण वादळ गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी घरभर चिखल, पालापाचोळा, कौलांची माती होती, आणि काकूने नेहमीच्या सवयीने सगळं घर धुऊन काढलं. तिला दोष देणं बरोबर नाही. त्या घटकेला वीज उद्या-परवा येईल असंच सगळे धरून चालले होते. यातून घराने पुढे नियम केला, वीज गेली की टाकीचा नळ बंद. प्यायचं आणि रांधायचं पाणी आधी हंड्या-कळशांत काढून घ्यायचं, आणि धुण्या-पुसण्याला पागोळ्यांचं पाणी धरायचं. जूनमध्ये कोकणात पागोळ्यांचं पाणी वाटेल तेवढं असतं. छपराखाली लावायला दोन रिकामी पिंपं असली की झालं.

विहिरीत पाला, सुपारीचे झाप, मेलेले पक्षी पडले होते. पाण्याला वास येत होता. अशा वेळी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं, किती टाकायची ते बहुतेकांना नसतं. ताजी, चांगली पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम हे साधारण प्रमाण. विहिरीतलं पाणी काढायचं तर व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, पाण्याच्या उंचीने गुणायचं आणि पुन्हा ०.७८५ ने गुणायचं. तेवढे हजार लिटर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असलेल्या या विहिरीत सुमारे १४ हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, पाच-दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडून हलवायची, खालचा चुना बाहेर टाकायचा. तासभर पाणी वापरायचं नाही. गढूळ आणि पाला कुजलेलं पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी पाला काढायचा, आणि तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे नमुन्यात थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करून घ्यायची. नमुन्यातलं पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही झालं तर मात्रा कमी पडली. आणि प्यायचं पाणी त्या दिवसांत उकळूनच. काकूच्या घरातली पावडर दोन वर्षं उघड्या पुडीत होती. तिचा वासच गेला होता, म्हणजे जोरही गेला होता. ती हवाबंद डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवावी लागते आणि दर वर्षी बदलावी लागते.

वाट मोकळी करणं

वाडीतल्या सुपारी आणि माड एकमेकांवर कोसळून घरापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी (दगडी पायवाट) बंद झाली होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. वीस-पंचवीस वर्षं जोपासलेली झाडं एका दुपारी आडवी झालेली बघणं काय असतं ते मी सांगू शकत नाही, काकांनीही कधी त्यावर जास्त बोलणं केलं नाही. सुपारी कोयत्या-कुऱ्हाडीने तुटते. माडाचं खोड आणि विशेषतः जांभूळ-आंब्याचं खोड तुटत नाही. घरात सुताराची छोटी करवत होती, ती ओल्या लाकडात अडकायची. दोन माणसांनी ओढायची मोठी करवत वाडीत एकाच घरात निघाली आणि तीन दिवस ती दारोदार फिरत होती. यंत्राची करवत बाहेरून पथक आल्यावर दिसली.

हत्यारांइतकंच पायांचं आणि हातांचं. फुटकी कौलं, खिळे निघालेल्या रिपा, पत्र्यांच्या धारा यांनी त्या आठवड्यात वाडीत जवळजवळ प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला जायचं तर वाट बंद. गमबूट आणि चामड्याचे हातमोजे हे मी आता ताडपत्रीच्या बरोबरीने धरतो.

आणि तारा. पडलेली तार मेलेली आहे असं कधीच धरू नये. सगळीकडची वीज गेली असली तरी कुणीतरी जनरेटर घराच्या वायरिंगला जोडतो, मेन स्विच बंद करायला विसरतो, आणि वीज उलट लाईनवर जाते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव अशाने जातो. ज्याच्या घरी जनरेटर आहे त्याने तो थेट लांब वायरने दिव्याला किंवा फ्रीजला जोडावा, आणि घराबाहेर, उघड्यावर ठेवावा. त्याचा धूर बंद पडवीतही जीव घेऊ शकतो.

उजेड, निरोप, पैसे

इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री संपली. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे पूर्ण भरलेली असताना १८०० वॅट-तास, त्यातले निम्मे-साठ टक्के धड वापरता येतात. दोन पंखे आणि चार दिवे रात्रभर चालू राहिले. पंखे बंद ठेवून एकच ९ वॅटचा दिवा गरजेपुरता लावला असता तर तीन-चार रात्री सहज निघाल्या असत्या. नंतर मेणबत्त्या, नंतर खोबरेल तेलाच्या पणत्या. कंदील माळ्यावर होता, पण गॅस आल्यापासून घरात रॉकेल येणंच थांबलेलं.

मोबाईलचे टॉवर त्याच दिवशी गेले. काकांचा ट्रान्झिस्टर निघाला, पण आतले सेल फुटून पट्ट्या हिरव्या झालेल्या. सेल वस्तूच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवायचे ही साधी गोष्ट. मुंबईत राहणारी थोरली मुलगी आणि आम्ही बाकीचे चार दिवस काहीच कळत नसल्याने कासावीस होतो. शेवटी वाडीतला एक मुलगा मोटरसायकलने रेंज असलेल्या ठिकाणी जायला निघाला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे निरोप दिले. पण नंबर कुणाला पाठ नव्हते, ते बंद पडलेल्या मोबाईलमध्ये होते. आजीच्या पोथीत जुना पत्ता आणि एक लँडलाईन नंबर लिहिलेला होता, त्यावर आमच्याकडे पहिली बातमी आली.

एटीएम बंद, बँकेची लाईन बंद, मोबाईलवरून पैसे देणं बंद. दुकानदाराने ओळखीवर उधार दिलं. मजूर, करवतवाला, टेम्पोवाला यांना रोखच लागते, आणि पाचशेची नोट सुटी करायला कुणाकडे काही नसतं.

आजीचं इन्सुलिन

फ्रीज बंद पडल्यावर घरात खरी घबराट झाली ती यावरून. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे थंड खोलीत चालते. न उघडलेल्या कुप्या मात्र २ ते ८ अंशांतच ठेवायच्या असतात. घरात तीन न उघडलेल्या होत्या. सुनेने त्या प्लास्टिकच्या डब्यात घालून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या खापरावर ठेवल्या. कोकणातल्या जूनच्या दमट हवेत माठ फार थंड होत नाही, तरी उन्हातल्या खोलीपेक्षा बरा. महत्त्वाचं हे की तिने प्रत्येक कुपीवर फ्रीजबाहेर काढल्याची तारीख लिहिली आणि वाट उघडल्यावर डॉक्टरांना ती दाखवली. त्यांनी नव्या दिल्या. आजीची साखर मोजायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या घरात होत्या, त्यामुळे त्या दिवसांत अंदाजाने काही करावं लागलं नाही. रोजच्या गोळ्या मात्र आठ दिवसांच्याच उरल्या होत्या. आता महिनाभराच्या पुढच्या असतात.

पंचनामा

मदतीसाठी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले तोवर बऱ्याच जणांनी पडलेली झाडं तोडून, कौलं उचलून जागा मोकळी केली होती. करणारच, घरात राहायचं असतं. ज्यांनी आधी फोटो काढले होते त्यांना झाडांची संख्या दाखवणं सोपं गेलं. सातबारा, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, आधार यांच्या प्रती मागितल्या गेल्या. काकांचे कागद देवघरातल्या लाकडी पेटीत होते, वरून पाणी आलं, सातबाऱ्याची शाई पसरली. झेरॉक्स काढायलाही वीज लागते.

पुढच्या आगोटीला

दिवाळीनंतर घर दुरुस्त करताना काकांनी न्हाणीघराला लागून एक लहान स्लॅबची खोली काढली. खर्च वाढला, पण माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हा सर्वांत चांगला पैसा. त्या खोलीत सात माणसं दाटीवाटीने रात्र काढू शकतात, आणि एका पत्र्याच्या पेटीत सगळं सामान राहतं. दोन नव्या ताडपत्र्या, सात-आठ कासऱ्यांच्या (बैल बांधायच्या दोराच्या) लांबीचा नायलॉनचा जाड दोर, हूक, वायसर, बांधायची तार, हातोडी, पक्कड, पाने, कप्पी, तळाचा पोहरा, गमबुटाचे दोन जोड, हातमोजे, टॉर्च, वेगळे सेल, ट्रान्झिस्टर, टीसीएलचा डबा, मलमपट्टी, प्लास्टिकच्या पाकिटात कागदांच्या प्रती, नंबरांची वही, आणि दहा ते शंभरच्या नोटा. मोठी करवत भिंतीवर टांगलेली. पडवीचे पत्रे नव्याने घालताना कडेला आणि आढ्याला हूक दाट मारले, पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वायसर लावून. बेगमीतलं माळ्यावर ठेवायचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत गेलं. कौलं शंभरएक परसात रचली.

पेटी दर वर्षी अक्षयतृतीयेला उघडून बघायची असं काकूने ठरवलं. २०२१ मध्ये अक्षयतृतीया १४ मे रोजी आली. १६ मेला तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याच्या बाजूने वर सरकायला लागलं.

त्या १४ तारखेला पेटी उघडली तर दोर अर्धाच होता. आंब्याच्या पेट्या बांधायला एप्रिलमध्ये नेला होता, परत आला नव्हता. टॉर्च लग्नघरी गेला होता. काकू काकांना म्हणाली, "अहो, पेटी भरून ठेवली की सगळ्या वाडीला ती आपलीच वाटते." दोन्ही वस्तू त्याच दिवशी मागवून घेतल्या. हे सगळीकडे होतं. रोजच्या कामाचं हत्यार आणि अडचणीच्या वेळचं हत्यार एकच असेल तर अडचणीच्या वेळी ते दुसऱ्याच्या घरी असतं. त्यावर काकांनी उपाय केला, वापरायचा दोर वेगळा विकत घेतला आणि पेटीतल्या दोराला लाल रंगाचा पट्टा मारला.

तौक्तेचा तडाखा इथे निसर्गपेक्षा कमी बसला. पंधरा-वीस कौलं सरकली, वीज काही दिवस गेली. वारा वाढायच्या आधी, सकाळीच, आजी स्लॅबच्या खोलीत होती. लाकडांवर ताडपत्री पडली. टाकीचं पाणी जपून वापरलं, विहिरीवर कप्पी बसवलेलीच होती. नवीन घेतलेला सौर कंदील मात्र सलग ढगाळ हवेत दुसऱ्या दिवशीच मंद झाला. अशा दिव्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही, मेच्या उन्हात भरून ठेवला तरच तो पहिल्या दोन रात्री साथ देतो. टॉवर पुन्हा गेले, पण या वेळी वहीतल्या नंबरांवर दुसऱ्याच दिवशी निरोप आला.

मुंबई-पुण्यातल्या सदनिकांत राहणाऱ्यांना छपराचा भाग लागू नाही, पण पाण्याचा जसाच्या तसा लागू आहे. तिथेही पाणी खालच्या टाकीत असतं आणि ते वर चढवणारा पंप विजेवर चालतो. सोसायटीचा जनरेटर पंपाला जोडलेला आहे की फक्त लिफ्टला, हे कोरड्या दिवशी विचारून ठेवावं.

वाडीपुढे दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. यंत्राची करवत एका घराला परवडत नाही आणि रोज लागतही नाही. ती वाडीने मिळून घ्यावी असं सगळ्यांना मान्य आहे, पण ती चालवायला कोण शिकणार, कुणाच्या घरी राहणार आणि तिचं तेलपाणी कोण बघणार यावर दोन बैठका होऊन निर्णय झालेला नाही. दुसरी गोष्ट जनरेटरची. दोन घरांत आहेत, पण त्यांना पेट्रोल साठवून ठेवणं धोक्याचं, आणि वादळानंतर पंपावर रांग लागते. काकांचं म्हणणं आहे की जनरेटरचा नाद सोडून पाच-सहा विहिरींवर कायमच्या कप्प्या बसवाव्यात आणि दोन ठिकाणी हातपंप मागावेत. त्यासाठीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे.